नव्यात कोट उघडते का?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणाच्या घरी गेलात आणि भिंतीवर हार घातलेला एखादा कर्ता पुरुष कोट-टायमध्ये दिसला, तर त्याच्या खिशाकडे नीट बघा. कोट गडद निळा, टाय मरून, वरच्या खिशात सोनेरी टोपणाचं पेन. मग पुढच्या गावी जा. माणूस वेगळा, जात वेगळी, धंदा वेगळा, पण कोट तोच आणि पेनही तेच. हयातभर ज्यांनी बंडीपलीकडे अंगाला काही लावलं नाही, ती माणसं मेल्यावर एकदम मॅनेजर झाली. याचं सगळं श्रेय नामदेवभाऊ बोरकुटे यांचं आहे, आणि ते घ्यायला भाऊ कधी लाजले नाहीत.

चंद्रपुरात माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं आणि भाऊंचा फोटो स्टुडिओ त्याला लागून. मधली भिंत एका विटेची. भाऊंना माझी गरज पडली की ते पलीकडून भिंतीवर मूठ आपटायचे आणि माझ्याकडचं कॅलेंडर हलायचं. मग आवाज यायचा, "सर, या जरा." मी टाइपरायटर विकून एक संगणक घेतला होता. एवढ्या भांडवलावर भाऊंनी मला संगणकतज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. पगार चहा.

भाऊ बुटके, गोल, आणि डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ. विचार करताना ते ती चामखीळ अंगठ्यानं चोळत. भाऊ सतत विचारच करत असल्यामुळे ती चांगली गुळगुळीत झाली होती. विचारातून निर्णय मात्र क्वचितच निघायचा. "घाई कायले?" हा त्यांचा पहिला मंत्र आणि "जुनं काय वाईट हाये?" हा दुसरा. दुकानाला रंग कोणता द्यायचा हे ठरेपर्यंत भिंतीचा गिलावा पडला होता.

धंद्याचं मुख्य अंग म्हणजे तेरवीचा फोटो. आमच्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा एकट्याचा फोटो काढावा असं कोणाला वाटत नसे. तो गेला की घरचे कुठल्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि तिसऱ्या ओळीतल्या अर्ध्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा पाहा, नवरदेवाच्या मामाच्या मांगचा." भाऊ त्याला मामाच्या मागून बाहेर काढत, झाकलेला कान बसवत, टोपी सरळ करत, गोरा करत, कोट चढवत आणि निळ्या आभाळासमोर बसवत. तेरवीच्या दिवशी पाहुणे यायच्या आत तो घरच्या भिंतीवर हजर. बाईमाणूस असेल तर हिरवं पातळ आणि रुंद काठ. ते पातळ भाऊंच्या बायकोचं, कांताबाईंचं होतं.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, जन्मभर नांगर धरलेल्या माणसाला टाय?"

"सर, माणूस कसा जगला ते देवानं पाह्यावं. भिंतीवर कसा दिसते ते मी पाह्यतो."

हसरा फोटो त्यांना चालत नसे. मेलेला माणूस हसताना दिसला की लोकांना वाटतं, सुटला बिचारा. आणि मग घरच्यांची पंचाईत होते, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळे त्यांच्याकडची सगळी मंडळी दगावल्यानंतर गंभीर झाली.

आता कोटाची हकिगत. तो कोट भाऊंचा नव्हताच. तो त्यांच्या साळ्याचा, ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला असलेल्या दिनकररावांचा. दिनकररावांनी स्वतःच्या लग्नात शिवला, पेन लावून फोटो काढला, आणि तो फोटो भाऊंनी "फ्रेम करून देतो" म्हणून आणला. फ्रेम झाली की नाही माहीत नाही. भाऊंनी संगणकावर दिनकररावांचं डोकं तेवढं काढून टाकलं आणि कोट ठेवून घेतला. पुढे दिनकरराव मूल गावी एका तेरवीला गेले, तिथे आपला कोट पाहिला. योगायोग म्हणून गप्प बसले. मग गोंडपिपरीला पाहिला. शेवटी शेजारच्या क्वार्टरमधल्या सहकाऱ्याचे वडील गेले, तर मानेपासून खाली तेही ओळखीचे निघाले. त्या दिवशी दिनकरराव स्कूटर पायरीवर घालून दुकानात शिरले.

"भाऊजी, मी जिता हावो, आन माहा कोट गावोगावी मरून राह्यला! बायको म्हणते, आता हा कोट घालून तुमी कुठी जाऊ नोका."

"अबे, नाव झालं कोटाचं!" भाऊ म्हणाले. "तू एकट्यानं घालून किती घातला असता?"

दिनकररावांनी फोटो हिसकावून नेला आणि भाऊंशी बोलणं टाकलं. सणवारी बहिणीकडे यायचे, जेवायचे आणि भाऊंना पाणी हवं का हेसुद्धा बहिणीमार्फत विचारायचे. फोटो गेला, निगेटिव्ह नव्हतीच, त्यामुळे भाऊंपुरता तो कोट आता फक्त त्यांच्या संगणकात उरला. एका फाइलीत. आणि ती फाइल होती फोटो सजवायच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या वर्शनमध्ये केलेली.

संगणक जुन्या डार्करूममध्ये होता. त्याला कांताबाईंनी झालर लावलेली खोळ शिवली होती. चपला बाहेर. सकाळी आधी उदबत्ती, मग बटण. उन्हाळ्यात त्याच्यासमोर कूलर. भाऊ स्वतः घामानं निथळत कोपऱ्यात बसत, पण कूलरचं तोंड त्याच्याकडेच. आणि एवढी बडदास्त ठेवूनही खाणींचा कोळसा आत यायचाच. चंद्रपुरात सकाळी पुसलेल्या बाकावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. ती काळी भुकटी स्कॅनरच्या काचेवर बसायची आणि स्कॅन केलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर काळे ठिपके उठायचे. पाचव्या वर्शनमध्ये ते ठिपके एकेक करून पुसावे लागत: शेजारची चांगली कातडी उचलायची, ठिपक्यावर ठेवायची, पुढचा ठिपका. भाऊंची दुपार त्यात जायची. "मेलेल्या माणसाचं तोंड धुऊन राह्यलो," असं ते गिऱ्हाइकाला सांगत.

मग समोर एक कलर लॅब उघडली. तीन शटर, काचेचं दार, आत थंडगार हवा, आणि त्या सॉफ्टवेअरचं नवं वर्शन. लग्नाचे अल्बम तिकडे वळले. मग बारशी गेली, मग पासपोर्ट फोटो. तेरवीवालेही समोर डोकावून येऊ लागले, कारण तिथे फोटो घंट्याभरात मिळायचा आणि भाऊंकडे "उद्या पाहू". आता नवं वर्शन घेतल्याशिवाय दुकान टिकणार नाही, हे उन्हात बसणाऱ्या कुत्र्यालाही कळत होतं. भाऊंनाही कळत होतं. पण त्यांचा एक प्रश्न होता.

"सर, नव्यात कोट उघडते का?"

"उघडेल भाऊ. जुन्या फाइली नव्यात उघडतात."

"आन नाई उघडला तं?"

"तर जुनं परत टाकू."

"आन जुन्यातही नाई उघडला तं? नव्यानं त्याले काई करून ठेवलं तं?"

तज्ज्ञपणाची माझी हद्द तिथे संपत होती. भाऊंनी मग चौकशी आयोग बसवला. शेजारच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, नवं औषध आधी दुसऱ्याला घेऊ द्यावं. कोर्टातल्या बाबूला विचारलं. तो म्हणाला, स्टे घ्या. ऑटोवाल्याला विचारलं, त्यानं नव्या ऑटोच्या अ‍ॅव्हरेजबद्दल सविस्तर सांगितलं. भाऊ सगळ्यांचं ऐकून चामखीळ चोळत. रोज चहाला हाच विषय. हा विचारविनिमय आम्ही इतका मनापासून केला की सहावं वर्शन येऊन जुनं झालं, हे आम्हाला सातवं आल्यावर कळलं.

शेवटी बोलल्या त्या कांताबाई. त्या डबा घेऊन आल्या, समोरच्या लॅबमधल्या गर्दीकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुमीच टाका जी ते नवं. इनचं ठरेपर्यंत इनचाच फोटो कराची पाळी येन."

मी नागपूरहून सीडी आणली. भाऊंनी नारळ फोडला. सातवं वर्शन बसत असताना ते दाराबाहेर उभे होते, बायको बाळंत होत असावी तसे. मी हाक मारली. भाऊ आत आले, डोळे मिटून कोटाच्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली. कोट उघडला. टायसकट, पेनसकट. एवढी वर्षं ज्याची काळजी केली त्याला एक घोट चहा गिळण्याएवढाही वेळ लागला नाही. भाऊंचा चेहरा पाहून मला वाटलं, त्यांची जरा निराशाच झाली.

पण ती निराशा टिकली नाही. सातव्यात एक नवं हत्यार होतं. चेहऱ्यावर नुसतं फिरवलं की डाग, खड्डे, सुरकुत्या सगळं आपोआप भरून यायचं, आणि कोळशाचे ठिपके तर झाडूनं लोटल्यासारखे जायचे. जो माणूस रंग ठरवायला वर्ष घ्यायचा तो त्या हत्यारानं बेफाम सुटला. देवीचे व्रण गेले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. सत्तरीतली म्हातारी माणसं नवरदेव होऊन भिंतीवर चढली. एका घरी वडिलांच्या फोटोशेजारी मुलगा उभा राहिला, तर पाहुणे मुलाला हार घालायला निघाले. भाऊ भिंत ठोकून मला बोलवत आणि दाखवत, "पाहा, कसा चिकना करून टाकला." गिऱ्हाईक परत येऊ लागलं. फोटो घंट्याभरात मिळू लागला. आमचे भाऊ "घाई कायले" म्हणायचे विसरले.

अशातच एक दिवस मडावी आला. आलापल्लीच्या पुढच्या जंगलातल्या गावचा, पहिल्या बसनं निघालेला. त्याची आई गेली होती. तिचा फोटो फक्त एक. आलापल्लीला एका फॉरेस्ट गार्डच्या लग्नात निघालेला, बायकांच्या घोळक्यात, बोटाच्या नखाएवढा चेहरा. भाऊंनी तो स्कॅन केला, काळे ठिपके झाडले, सुरकुत्या भरल्या, कांताबाईंचं हिरवं पातळ नेसवलं आणि मोठा प्रिंट काढून त्याच्या हातात ठेवला. मी तेव्हा चहासाठी तिथेच होतो.

मडावीनं फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "हे कोण हाये जी?"

"कोण म्हणजे? तुही माय!"

"माह्या मायच्या कपाळाले गोंदण होतं. कानशिलाले होतं."

भाऊंना आधी कळलंच नाही. त्यांनी ग्रुप फोटो उचलला, भिंग लावलं. कपाळावर बारीक काळे ठिपके होते. सरळ रेषेत, कोणीतरी मुद्दाम मांडलेले. चंद्रपुरात जन्म गेलेल्या माणसाला काळा ठिपका म्हणजे कोळसाच दिसतो. भाऊंनाही तो कोळसाच दिसला होता.

"मले वाटलं कचरा हाये," भाऊ म्हणाले. आणि सवयीनं पुढे बोलून गेले, "तोंड साफ करून देल्लं ना. त्याचे अलग पैसे नाई घेत आपण."

मडावी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "भाऊ, पातळ चांगलं हाये. मायले असं पातळ कधी भेटलं नाई, राहू द्या. पन गोंदण पाह्यजे. चांदी, कपडा, सारं इथीच राह्यते जी. गोंदण तेवढं संगं जाते. वरचे आमचे लोकं गोंदण पाहून ओळखते. तुमी तेच पुसलं."

भाऊंचा अंगठा चामखिळीवर जाऊन तिथेच थांबला. मला त्या दोघांकडे बघवेना. मी कप उचलून निघालो, तर भाऊ म्हणाले, "सर, बसा. जुनं टाका परत."

"नव्यातही काढता येईल ठिपके, भाऊ."

"जुनं टाका म्हटलं ना."

मी पाचवं वर्शन टाकलं. भाऊंनी स्कॅनरची काच स्वतःच्या शर्टाच्या टोकानं पुसली, फुंकली, परत पुसली. कूलर फिरवला आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड माणसाकडे केलं. मडावीला शेजारच्या स्टुलावर बसवलं. फोटोत गोंदण इतकं पुसट होतं की कुठला ठिपका कुठे ते मडावीलाच सांगावं लागलं. तो स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवायचा. "इथी. थोडं खाली. हां. त्याच्या बाजूले आणखीन एक." ज्या भाऊंनी उभ्या आयुष्यात फोटोच्या बाबतीत कोणाचं ऐकलं नाही, नवरदेवाच्या बापालाही "तुमाले काय समजते" म्हणून गप्प केलं, ते भाऊ एकेक ठिपका ठेवून विचारत होते, "असा? का आणखीन गडद?" सुरकुत्याही परत आल्या. गोरेपणा गेला. गिऱ्हाइकं आली, बाकावर बसली, कंटाळून समोर गेली. भाऊंनी मान वळवली नाही.

ऊन उतरल्यावर मडावी म्हणाला, "हां. आता आली."

त्यानं पडद्याकडे पाहून हात जोडले, "जोहार" म्हणाला. भाऊंनीही जोडले. एवढी वर्षं मी त्या माणसाची मनसोक्त टिंगल केली, पण त्या दुपारी मला भाऊंचा अभिमान वाटला, आणि तो मी कधी लपवला नाही.

मडावी बससाठी गेल्यावर भाऊ म्हणाले, "सात काढून टाका."

"दोन्ही राहू शकतात, भाऊ. जागा आहे."

"हाताजवळ राह्यलं का हात जाते. जुन्यात एकेक ठिपका पुसा लागते सर. पुसाच्या आधी त्याले पाहा लागते."

असा तो निर्णय झाला. ज्याला वर्षानुवर्षं लागली होती तो एका दुपारी उलटला. सातव्या वर्शननं धुतलेल्या सगळ्या मंडळींना भाऊंनी निरोप धाडले: फोटो आणा, फुकटात जसा होता तसा करून देतो. कोणीही आलं नाही. एका सुनेनं तर सांगून पाठवलं, "सासूबाई आता कुठी चांगल्या दिसून राह्यल्या, राहू द्या."

पुढे आठ, नऊ अशी वर्शनं येत राहिली. भाऊंनी त्यांची नावंही विचारली नाहीत. जिवंत माणसं सगळी समोर गेली, मेलेली आमच्या बाजूला राहिली, आणि त्यातही ज्यांना घाई नव्हती तेवढीच. मात्र भाऊंची एक नवी सवय सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "तोंडावरचं काय काय ठेवाचं?" लोक चक्रावत. कोणी रागावून जात. पण एखादी बाई म्हणायची, "भुवईवर खोक होती त्याइले, बैलानं मारलं होतं. ते ठेवा." मग भाऊ ती खोक कुठून कुठपर्यंत ते विचारून घेत. कोट मात्र चालूच राहिला. त्याबाबतीत भाऊंना कोणी सुधारू शकलं नाही.

नंतर भाऊंना छातीचं दुखणं लागलं. एका सकाळी भिंतीवर मूठ आपटली, पण कॅलेंडर हललं नाही. मी गेलो. पडद्यावर भाऊ स्वतः बसले होते, निळ्या आभाळासमोर, कोटात.

"कसा दिसून राह्यलो?"

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊ, चामखीळ राहिली."

"राहू द्या. तिथी कोणी ओळखलं पाह्यजे ना."

"आणि कोट? तुम्ही जन्मात कोट घातला नाहीत."

"अख्खा जिल्हा घालून गेला सर, मीच उघडा कायले जाऊ?"

आणि हसले. पडद्यावरचे भाऊ हसले नाहीत. त्यांचं शास्त्र त्यांनी स्वतःलाही लावलं होतं. खुर्चीतले भाऊ मी पाहिले ते शेवटचे. पुढच्या आठवड्यात ते गेले.

तेरवीला तो फोटो पाटावर ठेवला होता. हार जाड होता, त्यात टाय बुडाला होता. ऊर्जानगरहून दिनकरराव आले. बहिणीला भेटले आणि फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आपल्या कोटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस इथेही भांडतो. दिनकररावांनी डोळे पुसले, वाकले, आणि हार जरा बाजूला सरकवला.

"पेन दिसलं पाह्यजे भाऊजीचं," एवढं म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले.